बालमतदारांचा पुरस्कार सोहळा : कौल मुलांचा, यादी मोठ्यांची

इस्लामपूर, प्रतिनिधी : पुरस्कार कोणी द्यायचा आणि कोणी स्वीकारायचा, याची आपल्याकडील रीत ठरलेली आहे. सांगलीत दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे गौरव पदक दिले जाते. मानकऱ्याची निवड जाणती मंडळी करतात. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत रंगमंचावर मुले असतात, समोर गुणपत्रिका घेऊन बसलेले परीक्षक मात्र मोठे असतात. मुलांनी पाहावे, मोठ्यांनी पारखावे, अशी ही विभागणी आहे.

ही रीत उलटी करणारा एक पुरस्कार सोहळा गेली अनेक वर्षे जगभरातील दूरचित्रवाणीवर गाजतो आहे. त्यात चित्रपट, नट, गायक, खेळाडू आणि व्यंगचित्रपट यांचा निवाडा मुले करतात. ‘निकलोडियन किड्स चॉइस अवॉर्ड्स’ असे त्याचे नाव असून त्याची भारतीय आवृत्ती २०१३ साली मुंबईत सुरू झाली. इस्लामपूरसारख्या (राज्य शासनाने २०२५ मध्ये ज्याचे नामांतर ईश्वरपूर असे केले) तालुक्याच्या गावातही ‘मोटू पतलू’ घराघरात ओळखीचे आहेत. त्यामुळे हा सोहळा म्हणजे काय, त्यात मुलांच्या मताला किती वजन असते आणि पालकांनी त्याकडे कसे पाहावे, याची माहिती येथील वाचकांनाही उपयुक्त ठरावी.

आरंभ अमेरिकेत

निकलोडियन ही मुलांसाठीची अमेरिकी वाहिनी १ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. या वाहिनीने १९८७ मध्ये ‘द बिग बॅलट’ या नावाने बालप्रेक्षकांचा कौल घेणारा कार्यक्रम सादर केला. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्याला ‘किड्स चॉइस अवॉर्ड्स’ हे नाव मिळाले. योगायोग असा, की त्याच सुमारास भारतात मतदारांचे वय कमी करण्याचा विचार प्रत्यक्षात येत होता. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. दूरचित्रवाणीने मात्र त्याहून कितीतरी लहान वयाचा मतदार हेरला होता.

या सोहळ्याची दोन वैशिष्ट्ये जगभर ओळखली जातात. पहिले म्हणजे त्याचे सन्मानचिन्ह. हवेत तरंगणाऱ्या फुगीर वायुयानाच्या आकाराचे हे नारिंगी चिन्ह डोळ्याला लावले, की शोभादर्शकासारखे चालते. मान्यवरांच्या कपाटात ठेवायची वस्तूही मुलांना खेळता येईल अशी असावी, ही त्यामागील कल्पना दिसते. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘स्लाइम’, म्हणजेच हिरवा, बुळबुळीत रगडा. पुरस्कार स्वीकारण्यासाठी आलेल्या नामवंत कलावंताच्या डोक्यावर तो बादलीभर ओतला जातो आणि प्रेक्षागृहातील मुले टाळ्या पिटतात. ही प्रथा मूळची कॅनडाची. तेथील ओटावा शहरात १९७९ साली सुरू झालेल्या ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’ या बालकार्यक्रमात ‘मला माहीत नाही’ असे म्हणणाऱ्यावर हा रगडा कोसळत असे. निकलोडियनने तो कार्यक्रम अमेरिकेत दाखवला आणि पुढे हिरवा रगडा ही वाहिनीची खूणच बनली.

या गमतीमागे एक हिशेबी विचार आहे. एरवी मोठी माणसे मुलांना शिस्त लावतात. येथे मुलांसमोर मोठ्यांची फजिती होते. घटकाभर अधिकार मुलांच्या हाती आल्याचा आनंद, हेच या कार्यक्रमाचे खरे भांडवल आहे. करोना साथीमुळे मार्च २०२० मधील सोहळा पुढे ढकलावा लागला आणि मे महिन्यात तो प्रेक्षकांविना, दूरस्थ पद्धतीने झाला. तरीही कार्यक्रम बंद पडला नाही.

भारतात मुलांची बाजारपेठ

निकलोडियन भारतात १९९९ मध्ये आली. मुलांच्या वाहिन्यांची खरी चढाओढ मात्र २००४ नंतर सुरू झाली. त्या वर्षी १ जानेवारीला ‘पोगो’ आणि सप्टेंबरमध्ये यूटीव्ही कंपनीची ‘हंगामा’ या वाहिन्या सुरू झाल्या. ‘हंगामा’ने देशभरातून निवडलेल्या मुलांना ‘कॅप्टन’ म्हणून वाहिनीच्या कारभारात सल्लागाराची भूमिका दिली. ‘पोगो’ने गुणवान मुलांचा गौरव करणारे ‘अमेझिंग किड्स अवॉर्ड्स’ भरवले. मुलाला नुसता प्रेक्षक न ठेवता त्याला मानाचे स्थान द्यायचे, म्हणजे तो वाहिनी बदलत नाही, हे या मंडळींनी ओळखले होते. ‘हंगामा’ वाहिनी २००६ मध्ये डिस्ने कंपनीने विकत घेतली, यावरून या बाजारपेठेचे मोल कळून येते.

यानंतर देशी पात्रांचा काळ आला. ‘छोटा भीम’ २००८ मध्ये ‘पोगो’वर आला. ‘लोटपोट’ या हिंदी बालनियतकालिकातील चित्रकथांवर आधारित ‘मोटू पतलू’ ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘निक’वर सुरू झाली. तिची निर्मिती मुंबईच्या कॉसमॉस-माया या संस्थेने केली. वर्षभरातच, २०१३ मध्ये, ‘निक’ची तत्कालीन चालक कंपनी व्हायाकॉम-१८ हिने ‘किड्स चॉइस अवॉर्ड्स’ची भारतीय आवृत्ती मुंबईत आणली. ही कंपनी नेटवर्क-१८ आणि अमेरिकी व्हायाकॉम यांच्या भागीदारीतून २००७ मध्ये उभी राहिली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार इंडियाशी झालेल्या विलीनीकरणानंतर हा व्यवसाय ‘जिओस्टार’च्या छत्राखाली आला.

भारतीय आवृत्तीत हिंदी चित्रपट, त्यातील नायक-नायिका, दूरचित्रवाणी मालिका, कार्टून, खेळाडू असे गट ठेवण्यात आले. मुंबईतील चित्रपटसृष्टी आणि मुलांची वाहिनी यांची गाठ त्यामुळे पक्की झाली. ताऱ्यांना उद्याचा प्रेक्षक मिळतो, वाहिनीला तारे मिळतात आणि जाहिरातदारांना दोन्ही मिळतात. मुलांना काय मिळते, हा प्रश्न मात्र उरतोच.

मत म्हणजे नेमके काय?

मतदान या शब्दाला आपल्याकडे एक अर्थ आहे. एका माणसाला एक मत, ते गुप्त असते आणि मोजणी सर्वांसमक्ष होते. वाहिन्यांच्या मतदानात या तिन्ही गोष्टी असतातच असे नाही. म्हणून अशा कोणत्याही पुरस्काराबाबत चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली बाब नामांकनाची. प्रत्येक गटातील चार-सहा नावे मुलांपुढे येतात, तेव्हा शेकडो नावे आधीच गळालेली असतात. ही गाळणी मोठ्यांची असते. ज्या चित्रपटाची जाहिरात मोठी, ज्याचा तारा सोहळ्यास हजर राहू शकतो, त्याचे नाव यादीत येण्याची शक्यता अधिक, हे उघड आहे. मराठी बालचित्रपटाला येथे वाव मिळणे कठीण. परेश मोकाशी यांचा पंढरपूरच्या पार्श्वभूमीवरील ‘एलिझाबेथ एकादशी’ हा २०१४ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटांपैकी एक ठरला. २०२३ सालासाठी तोच मान सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या ‘नाळ २’ला मिळाला. हे दोन्ही कौल प्रौढ परीक्षकांचे होते. मुलांच्या नावाने होणाऱ्या मतदानात मुलांच्याच विश्वातील असे चित्रपट न दिसणे, ही या रचनेतील मोठी उणीव आहे.

दुसरी बाब मतांच्या संख्येची. महाजालावरील मतदानात एकाच व्यक्तीला अनेक वेळा मत देण्याची मुभा पुष्कळदा असते. अशा वेळी एकूण मतांचा आकडा कोटींत जातो. परंतु तो मुलांचा आकडा नसतो, तर कळ दाबल्याचा आकडा असतो. ज्याच्याकडे वेळ आणि जोडणी जास्त, त्याचे मत जड. अमेरिकी सोहळ्यात काही वर्षे काही गटांसाठी ट्विटरवरील हॅशटॅगही मत म्हणून मोजले गेले. त्या संकेतस्थळावर खाते उघडण्याची किमान वयोमर्यादा तेरा वर्षे होती. म्हणजे आठ-दहा वर्षांचे मूल, ज्याच्यासाठी हा सोहळा, तेच त्या मतदानातून नियमाने बाहेर राहिले आणि तरुण चाहत्यांच्या संघटित फौजांनी मैदान मारले.

तिसरी बाब निकालाची. अमेरिकेत १९९९ ते २०१९ या काळात किशोरवयीनांच्या मतांवर आधारित ‘टीन चॉइस अवॉर्ड्स’ हा दुसरा सोहळा होत असे. त्याच्या नियमावलीत बारीक अक्षरांत एक कलम होते : सर्वाधिक मते मिळवणाऱ्या चौघांमधून विजेता निवडण्याचा अधिकार निर्मात्यांकडे राहील. चौथ्या क्रमांकावरील नावही नियमाने विजयी होऊ शकत होते. मतदान करणाऱ्या किती मुलांनी ते कलम वाचले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

चौथी बाब खर्चाची. मत फुकट आहे की त्याचे पैसे पडतात, आणि पडत असतील तर ते कोणाकडे जातात, हे आधी कळले पाहिजे.

मांजराच्या नावाची गोष्ट

मुलांच्या मताशी खेळ केला, तर त्याची किंमत काय मोजावी लागते, याचे बोलके उदाहरण ब्रिटनमधील आहे. बीबीसीवर १९५८ पासून चालत आलेल्या ‘ब्लू पीटर’ या बालकार्यक्रमात २००६ मध्ये एका मांजराच्या पिल्लाचे नाव ठरवण्यासाठी मुलांचा कौल घेण्यात आला. मुलांनी ‘कुकी’ या नावाला पसंती दिली. परंतु निर्मात्यांनी कौल बाजूला सारून पिल्लाचे नाव ‘सॉक्स’ ठेवले. २००७ मध्ये हा प्रकार उघडकीस आला. बीबीसीला प्रेक्षकांची जाहीर माफी मागावी लागली आणि ‘कुकी’ नावाचे दुसरे पिल्लू कार्यक्रमात आणावे लागले. याच कार्यक्रमातील दूरध्वनी स्पर्धेत, तांत्रिक अडचण आल्यावर, स्टुडिओत आलेल्या एका मुलीलाच विजेती म्हणून पुढे केल्याचे प्रकरणही त्या वर्षी गाजले. त्यासाठी ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने बीबीसीला ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

विषय केवळ एका मांजराच्या नावाचा होता. तरीही इतका गहजब झाला, कारण मुलांना विचारून त्यांचे उत्तर फेकून दिले गेले होते. न विचारणे परवडते. विचारून न ऐकणे मुले विसरत नाहीत.

एसएमएसचा काळ आणि आपले ‘लिटल चॅम्प्स’

महाराष्ट्रात प्रेक्षकांच्या कौलाची गोडी लागली ती भ्रमणध्वनीवरील एसएमएसमुळे. झी मराठीवरील ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ हे २००८-०९ मधील पर्व आजही लोकांच्या स्मरणात आहे. आळंदीची कार्तिकी गायकवाड फेब्रुवारी २००९ मधील महाअंतिम फेरीत विजयी झाली. तिच्यासह आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत ही नावे घरोघरी पोचली. तेथे स्पर्धक मुले होती, मतदार मात्र सर्व वयाचे प्रेक्षक होते. झी टॉकीजच्या ‘महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?’ या पुरस्कारातही कौल प्रेक्षकांचाच. पण तो केवळ मुलांचा नव्हे. मुले मतदार आणि मोठे उमेदवार, ही ‘किड्स चॉइस’ची उलटी मांडणी या दोहोंहून वेगळी आहे.

एसएमएसच्या काळातच खर्चाचा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला. ‘कौन बनेगा करोडपती’च्या २००७ मधील पर्वात प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा होती आणि उत्तराच्या प्रत्येक एसएमएसला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्याच खिशातून येते, अशी तक्रार झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरध्वनी कंपनीला एक कोटी रुपयांच्या दंडात्मक भरपाईचा आदेश दिला. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो रद्द केला. निकाल कंपन्यांच्या बाजूने लागला असला, तरी ‘एका मताचे पैसे कोणाकडे जातात’ हा प्रश्न त्या खटल्याने सामान्य माणसाच्या तोंडी आणला, हे मान्य करावे लागेल.

दुसरी वाट : पाहा, चर्चा करा, मग निवडा

मुलांना निवडीचा अधिकार देण्याचा दुसरा मार्गही जगात आहे. इटलीतील जिफोनी या गावी १९७१ पासून बालचित्रपट महोत्सव भरतो. तेथे परीक्षक मंडळच मुलांचे असते. वयोगटानुसार बसलेली मुले स्पर्धेतील चित्रपट आधी पूर्ण पाहतात, दिग्दर्शकांना प्रश्न विचारतात, आपसांत वाद घालतात आणि मग मत देतात. लहानशा गावाने मुलांवर विश्वास टाकला आणि ते गाव जगाच्या नकाशावर आले.

भारतातही याचा पाया घातला गेला होता. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या बालचित्रपट समितीचे मुख्यालय मुंबईत होते. तिचा आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव १९७९ पासून भरू लागला. त्याचे ‘सुवर्ण हत्ती’ हे पारितोषिक प्रसिद्ध होते आणि त्यात प्रौढ परीक्षकांबरोबर मुलांचेही परीक्षक मंडळ असे. ही समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली.

दोन्ही वाटांमधील फरक स्पष्ट आहे. वाहिनीच्या मतदानात मूल आधीच माहीत असलेल्या नावावर शिक्का मारते. त्यातून लोकप्रियता मोजली जाते. परीक्षक मंडळात मूल न पाहिलेले पाहते आणि आपल्या पसंतीचे कारण सांगते. त्यातून अभिरुची घडते. पहिले वाईट आणि दुसरे चांगले, असा सरळ निवाडा करणे योग्य नव्हे. एखाद्या गमतीदार कार्टूनला मनापासून मत देण्यात गैर काहीच नाही. मात्र पहिल्यालाच दुसरे समजण्याची गल्लत होऊ नये.

हक्क आणि कायदा

मुलांना मत असते आणि त्यांच्याशी संबंधित बाबींत ते ऐकले गेले पाहिजे, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमात नमूद आहे. ही संहिता २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत झाली आणि भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. सतरावे कलम प्रसारमाध्यमांविषयी असून मुलांना उपयुक्त माहिती मिळावी आणि हानिकारक मजकुरापासून त्यांचे रक्षण व्हावे, असे त्यात सुचवले आहे. मुलांचा कौल घेणारा कार्यक्रम या दोन्ही कलमांच्या कसोटीवर पाहता येतो.

आता त्यात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची भर पडली आहे. मत देताना मुलाचे नाव, वय, दूरध्वनी क्रमांक, गाव विचारले जाते. मताचा उपयोग एका रात्रीपुरता असतो. ही माहिती मात्र टिकून राहते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना नेमके हेरून जाहिराती दाखवण्यासही त्यात मनाई आहे. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या न पाळल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

पालकांनी आणि शाळांनी काय करावे?

इस्लामपूर काय किंवा मुंबई काय, बहुतेक घरांत मुलाचे मत जाते ते आई-वडिलांच्या भ्रमणध्वनीवरून. त्यामुळे पालकांनी पुढील प्रश्न विचारून घ्यावेत. नामांकने कोणी ठरवली? एका व्यक्तीला किती मते देता येतात? मतासाठी पैसे पडतात काय? कोणती माहिती मागितली आहे आणि ती कशासाठी? अंतिम निकाल केवळ मतांवर ठरणार, की आयोजकांनी काही अधिकार राखून ठेवला आहे? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नियमावलीत सापडत नसेल, तर मुलाला आवडता कार्यक्रम पाहू द्यावा. आपला क्रमांक मात्र देऊ नये.

शाळांना याहून चांगली संधी आहे. राज्यातील अनेक शाळांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुका गुप्त मतदानाने होतात. उमेदवारी अर्ज, प्रचार, मतपत्रिका, बोटाला शाई, मोजणी, हे सारे मुलांना ठाऊक असते. त्याच पद्धतीने वर्षातून एकदा शाळेचा स्वतःचा चित्रपट किंवा पुस्तक पुरस्कार ठेवता येईल. आधी मुलांकडूनच नावे मागवावीत. पाच चित्रपट किंवा पाच पुस्तके सर्वांना प्रत्यक्ष पाहायला, वाचायला द्यावीत. त्यात किमान दोन मराठी असावीत. मतापूर्वी वर्गात अर्धा तास चर्चा व्हावी. मग एका मुलाला एकच मत, आणि फळ्यावर सर्वांदेखत मोजणी. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि खडूचा.

अशा मतदानात कोणा ताऱ्याच्या डोक्यावर हिरवा रगडा ओतला जाणार नाही आणि त्याचे प्रक्षेपणही होणार नाही. परंतु आपण सुचवलेले नाव यादीत आले, आपण दिलेले मत मोजले गेले आणि आपले नाव हरले तरी मोजणी खरी होती, हे मुलाने स्वतः पाहिलेले असेल. वयाच्या अठराव्या वर्षी खऱ्या मतदान केंद्रावर उभे राहताना त्याला हाच अनुभव उपयोगी पडेल.